वाळीतल्या घराचा खांदा

पोलादपूरच्या एसटी स्टँडवर मुंबईच्या गाडीची वाट बघत उभी होते तेव्हा माझे दात वाजत होते. वैशाखातली सकाळ, अंगाला घामाच्या धारा, आणि तरी दात वाजत होते. बा म्हणाला, ट्रंकेवर बस. मी बसले. तो शेजारी उभा राहिला, हातात आईने दिलेली भाकरीची पुरचुंडी धरून. आम्हा दोघांशिवाय तिसरं कोणी पोचवायला आलेलं नव्हतं.

आपल्याकडे कोणी मुंबईला निघालं की काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. अख्खी वाडी खाली हमरस्त्याच्या वळणापर्यंत येते. कोणी हातावर दही घालतं, कोणी आपल्या गिरणीतल्या मुलासाठी कुळथाची पिशवी देतं, आणि ज्यांचं कोणीच मुंबईत नाही अशा म्हाताऱ्यासुद्धा उगाच डोळ्यांना पदर लावून घेतात. मी निघाले त्या दिवशी दारं लागलेली होती. चंद्री, जिच्याबरोबर मी लहानपणी करवंदं वेचत फिरले, ती आपलं अंगण झाडत होती. मला बघून तिने पाठ केली आणि झाडलेलंच अंगण परत झाडायला घेतलं. तिच्यावर मी रागावले नाही. तिच्या हातातला खराटा हलत होता तो माझ्या दातांसारखाच हलत होता.

गाडी आली. बाने ट्रंक टपावर चढवली, खाली उतरला आणि खिडकीशी येऊन म्हणाला, "बाय, भ्याव वाटंल. वाटू दे. मलापन वाटतंय." मुलीला धीर देण्याची ही कुठली रीत, असं तुम्ही म्हणाल. मीही तेव्हा तेच म्हटलं मनात. मला तो काहीतरी मोठं, बापाला शोभेलसं बोलायला हवा होता. पण बा खोटं बोलायचा नाही, त्यामुळे त्याच्याकडून धीर असा कधी मिळालाच नाही.

हे मी तुम्हा दोन्हीकडच्यांसाठी लिहिते आहे. वाडीत राहिलात त्यांच्यासाठी, आणि माझ्यासारखे इकडे येऊन परळ-लालबागच्या खोल्यांत वळकट्या टाकून पडलात त्यांच्यासाठी. तुमच्यातल्या थोरांना हे सगळं ठाऊक आहे, पण त्यावर कोणी बोलत नाही. धाकट्यांना वाटतं की आमचं घर गावाबाहेर पडलं ते बाच्या तिरसटपणामुळे. बा तिरसट नव्हता. तो घाबरट होता, आणि मी त्याच्यावर गेले आहे.

सुरुवात योहान मास्तरांपासून करायला हवी. ते नगरकडचे ख्रिस्ती. लोकल बोर्डाने त्यांना आमच्या शाळेवर पाठवलं तेव्हा वाडीला ख्रिस्ती माणूस म्हणजे गोरा साहेब इतकंच माहीत होतं. हे निघाले काळेसावळे, धोतर नेसणारे, बाजरीच्या भाकरीसाठी झुरणारे. त्यांची बायको मार्थाबाई मुलींना शिवण शिकवायची आणि आमच्या नाचणीच्या भाकरीला नावं ठेवत ठेवत दोन खायची. मास्तरांनी शाळेत कधी कोणाला मारलं नाही. पोराने काही आगळीक केली की ते त्याला जवळ बोलवायचे आणि एवढंच विचारायचे, "हेच तुला कोणी केलं असतं तर?" मग उत्तर मिळेपर्यंत बघत राहायचे. पोरं म्हणायची, त्यापेक्षा छडी बरी. त्यांच्या धर्माची सगळी शिकवण त्या एका प्रश्नात आहे असं ते म्हणत. आपल्याला लोकांनी जसं वागवावंसं वाटतं तसं आपण आधी लोकांना वागवायचं, येशूने सांगितलं ते एवढंच, बाकी सगळं त्याच्या मागून येतं. बा संध्याकाळी त्यांच्या ओटीवर तंबाखू खायला बसायचा तेव्हा हे ऐकायचा. एकदा घरी येऊन आईला म्हणाला, "मास्तर बोलतात ते सोपं हाय. करायला गेलं की पाय कापतील."

आषाढात मार्थाबाई तापाने गेली. सावित्रीला पूर होता, महाडला जायची सोय नव्हती, आणि कशेडीच्या घाटात दरड कोसळून ट्रकांची रांग आमच्या वळणापर्यंत आली होती. मास्तर एकटे. त्यांच्या धर्माचं माणूस जवळपास कोणी नाही. मयताला जमिनीत जागा हवी, आणि उचलायला माणसं हवीत.

देवळासमोरच्या सहाणेवर, त्या दगडी चौथऱ्यावर, गावकी बसली. ती माणसं दुष्ट नव्हती, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. ती भ्यालेली होती. परधर्माचं मयत वाडीच्या जमिनीत पुरलं तर गावदेवी काळकाई कोपेल, नुकती लावलेली रोपं कुजतील, गुरं जातील, असं म्हाताऱ्यांना मनापासून वाटत होतं. दोन वर्षांपूर्वी रोपं कुजली होती आणि त्या साली काय खाल्लं ते सगळ्यांना आठवत होतं. गावकीचा म्होरक्या रामजी तात्या, आमच्या समोरच्याच घरातला. त्याने निवाडा सांगितला. मयताला कोणी हात लावायचा नाही, जो लावील तो वाळीत.

बा सहाणेवरून उठून घरी आला आणि कोपऱ्यातली कुदळ घेतली. आई दारात आडवी झाली. ती ओरडली नाही, हळू आवाजात बोलली, आणि तेच जास्त भयंकर होतं. तिने त्याला दादाची शपथ घातली, माझी घातली, माझं लग्न कुठे होणार ते विचारलं. बाच्या हातातली कुदळ जमिनीवर टकटक वाजत होती. तो म्हणाला, "परक्या मुलखात तू अशी पडली असतीस, तर मी कोनाच्या तोंडाकडं बघितलं असतं?" आईने वाट सोडली नाही. तो तिला ओलांडून गेला.

आमच्या नाचणीच्या वरकसावर, उतारावरच्या त्या माळजमिनीत, वाडीच्या हद्दीपासून शक्य तितक्या लांब, बाने खड्डा खणला. खांदे चार लागतात. एक मास्तरांचा, एक बाचा. दादाला आईने घरात कोंडलं होतं. मग बा खाली रस्त्यावर गेला आणि दरडीमुळे अडकलेल्या ट्रकचा सरदारजी ड्रायव्हर आणि त्याचा क्लीनर यांना घेऊन आला. सरदारजीने काही विचारलं नाही, फक्त चिखलात जोडे काढून ठेवले. अशी मार्थाबाई मुलखामुलखांच्या खांद्यांवरून गेली. आम्ही सगळे कुडाच्या फटींतून बघत होतो. मीही बघत होते, आणि मला मार्थाबाईचं दुःख होत नव्हतं. आता आपलं काय होणार, एवढंच मनात होतं.

त्या साली रोपं कुजली नाहीत. पण निवाडा तो निवाडा.

वाळीत टाकतात म्हणजे कोणी मारत नाही, शिव्या देत नाही, घरावर दगड येत नाही. नुसतं कोणी बोलत नाही. आई विहिरीवर गेली तर बाया रहाट सोडून बाजूला होत आणि ती पाणी न भरता परत येई. मग आम्ही खालच्या झऱ्याचं पाणी आणू लागलो. लावणीला सगळी वाडी एकमेकांच्या शेतात उतरते, आमच्या शेतात आम्ही चौघंच वाकलेले असायचो, आणि बांधापलीकडे गाणी चाललेली. न्हावी यायचा बंद झाला. मामा पाचाडला राहायचा, तोही सणाला बोलावीनासा झाला, कारण त्याला आपल्या मुली द्यायच्या होत्या. जो आमच्याशी बोलेल तोही वाळीत, असा नियम होता. त्यामुळे लोक आम्हाला भीत आणि आम्ही लोकांना. समोरून कोणी आलं की मीच आधी वाट सोडून करवंदीच्या जाळीत शिरायची, त्या माणसाला तोंड फिरवायची पाळी येऊ नये म्हणून. मास्तरांची बदली महाडजवळच्या सव गावाला झाली. ते जाताना बाच्या पाया पडायला वाकले आणि बा घाबरून मागे सरला.

यातून सुटायची वाट होती, आणि तशी ती अवघडही नव्हती. काळकाईपुढे नारळ ठेवायचा आणि गावकीसमोर 'चुकलो' म्हणायचं. आईने किती वेळा विनवलं असेल त्याला. बा म्हणायचा, नारळ ठेवतो, शंभर ठेवतो, पण चुकलो कसं म्हणू? आई म्हणायची, तोंडाने म्हणा, मनात काय ते राहू द्या. ते त्याला जमेना. तिची खरी भीती वेगळी होती. भाकरी, पाणी, माझं लग्न, हे सगळं तिने गिळलं असतं. चुलीपुढे बसून, आगीकडे बघत ती एकच प्रश्न विचारायची, "आपल्याला उचलील कोन?" बा त्यावर चुलीत आणखी एक लाकूड सारायचा. त्यालाही तीच भीती होती हे मला तेव्हा कळायचं. वाडीत कोणाचं मयत झालं की तो उठायचा, डोक्याला फडकं गुंडाळायचा आणि स्मशानाच्या वाटेवर लांब, आंब्याखाली जाऊन उभा राहायचा. कोणी त्याच्याकडे बघायचं नाही. मयत जळेपर्यंत तो तिथे उभा असायचा.

माझं ठरत आलेलं लग्न मोडल्यावर मास्तरांनी सवहून निरोप धाडला. मुंबईच्या एका मिशन इस्पितळात नर्सिंगला मुली घेतात, सातवी झालेली चालते. आई म्हणाली, तिकडे हिला बाटवतील. बा म्हणाला, इकडे तिला कोन नांदवनार हाय?

मुंबईने मला नवीन शब्द दिले, ड्युटी, वॉर्ड, ट्रे, ऑफ, आणि नवीन भीती दिल्या. लिफ्टची भीती, ट्रामची भीती, स्पिरिटच्या वासाची, मॉर्गमध्ये एकटीने जायची. सकाळी प्रार्थनेला सगळ्या मुली उभ्या राहायच्या तेव्हा मी डोळे मिटायला भ्यायची, मिटले की काहीतरी करतील म्हणून. कोणी काही केलं नाही. मी ख्रिस्ती झाले नाही, तू ख्रिस्ती हो असं कोणी म्हटलंही नाही. वाडीने मात्र मी पनवेल ओलांडायच्या आत मला बाटवून टाकलं होतं.

आमच्या सिस्टर एस्तेर जालन्याच्या. नवीन मुलींना त्या पहिला धडा द्यायच्या तो पुस्तकातून नाही. एकेकीला दिवसभर खाटेवर झोपवायच्या. उठायचं नाही. बाकीच्या मुली तिला भरवणार, अंग पुसणार, कूस बदलणार, भांडं देणार. काय हवं ते मागायचं, आणि मिळेपर्यंत वाट बघायची. माझी पाळी आली तेव्हा मला तहान लागली होती आणि ज्या मुलीकडे पाणी मागायचं ती मला नीट ओळखतही नव्हती. मी संध्याकाळपर्यंत मागितलं नाही. सिस्टरच्या ते लक्षात आलं होतं. त्या म्हणाल्या, "आता कळलं ना? पेशंट काय बोलतो ते कोणीही ऐकेल. तो काय मागायला भितो ते तू बघ, कारण तू त्या खाटेवर झोपली आहेस." योहान मास्तरांचाच तो प्रश्न, फक्त इथे तो खाटेवर झोपवून विचारायचे.

लालबागला आपल्या गावाच्या मंडळाची खोली आहे. सुट्टीच्या दिवशी एकदा, गावचं कोणी दिसेल या आशेने, मी तिथे गेले. आत पंचवीस-तीस माणसं जेवायला बसली होती. मला दारात बघून सगळे हात ताटात थांबले. कोणी ये म्हणालं नाही, जा म्हणालं नाही. मी जिना उतरून आले. वाडीची वाळी एवढ्या लांब माझ्या आधी येऊन बसली होती.

आणि मग तिसऱ्या वर्षी पुरुषांच्या सर्जिकल वॉर्डात रामजी तात्या आला.

मंडळाच्या माणसांनी त्याला आणलं होतं. पोटाचं ऑपरेशन झालेलं. मी चादरी घेऊन आत गेले आणि खाटेवरचं ते तोंड बघून पडद्याआड उभी राहिले. मला वाटलं हा आता मला इथूनही उठवणार. मग पडद्याच्या कडेने बघितलं, तर त्यानेही मला बघितलं होतं, आणि त्याचे डोळे माझ्यापेक्षा भ्यालेले होते. तेव्हा मला उमगलं. माझ्या हातचं पाणी त्याने घेतलं, औषध घेतलं, तर त्याच्याच नियमाने तो वाळीत. भेटीच्या वेळी मंडळाची माणसं खाटेभोवती बसत, म्हणजे बघणारे डोळे होतेच. दुसऱ्या दिवशी बघितलं तर त्याचा पाण्याचा पेला भरलेलाच. माझी ड्युटी असली की तो काही मागायचाच नाही. ओठ फुटले होते.

आता खरं सांगते. मनात आलं, राहू दे. आई विहिरीवरून रिकामी घागर घेऊन यायची ती डोळ्यांपुढे आली. पण ती खाट मला ठाऊक होती. मी माझी मैत्रीण शांता, तीही जालन्याची, तिला सांगितलं की सहा नंबरला माझ्याऐवजी तू बघत जा, पाणी तू दे, पट्टी तू बदल, आणि का ते विचारू नकोस. मी त्याच्या खाटेकडे जाणं टाळलं, त्याला तोंड फिरवायला लागू नये म्हणून. करवंदीच्या जाळीत शिरायची मला सवय होतीच.

त्याला ते कळलं असणार. एका दुपारी शांता जेवायला गेली होती आणि वॉर्ड झोपलेला होता. मी पलीकडच्या खाटेपाशी असताना त्याने हाक मारली. मी जवळ गेले. तो म्हणाला, "तू दे." मी पेला धरला. अर्धं पाणी उशीवर गेलं. पिऊन झाल्यावर तो म्हणाला, "बाय, कोनाला बोलू नको." मी म्हटलं, नाही बोलणार. मग भिंतीकडे तोंड करून त्याने विचारलं, "तुजा बा बरा हाय ना?"

बा समोरच्या घरात राहत होता. रोज सकाळी दोघे आपापल्या ओटीवर तोंड धुवत. आणि तो बरा आहे का ते त्याला मुंबईत येऊन, भिंतीला विचारावं लागलं. मी कपड्यांच्या खोलीत जाऊन रडले.

तात्या बरा होऊन गावी गेला. वाळी उठली नाही. मला वाटलं होतं उठेल. पण नियम ज्याने केला त्यालाच तो मोडायची सगळ्यात जास्त भीती असते.

पुढच्या श्रावणात तार आली. रात्र-दिवसाचा तो प्रवास मला नीट आठवत नाही, फक्त गाडीत शेजारी बसलेल्या बाईने मला पोटात दुखतंय का असं विचारलेलं आठवतं. बा गेला याचं रडू मला येतच नव्हतं. उचलील कोण, उचलील कोण, एवढंच चाकांबरोबर फिरत होतं. घरी पोचले तर बा अंगणात, दादा पायाशी, आणि सवहून चालत आलेले योहान मास्तर डोक्याशी बसलेले. तिरडी त्यांनी दोघांनी बांधली होती. वाडीची दारं बंद. रामजी तात्या एकटा आपल्या ओटीवर उभा होता आणि तो तिरडीकडे बघत नव्हता, माझ्या तोंडाकडे बघत होता. मी बोलेन म्हणून. मी एक वाक्य बोलले असते तर त्याच्या घराचं आमच्यासारखं झालं असतं, किंवा त्याला अंगणात उतरावं लागलं असतं. दोन्ही चाललं असतं मला त्या वेळी. पण मी त्याला शब्द दिलेला होता, आणि भेदरलेल्या माणसाला भरचौकात उघडं पाडलं की काय होतं तेही मला माहीत होतं. मी बोलले नाही. तात्या आत गेला आणि त्याने दार लावलं.

दोन खांदे दादाचा आणि मास्तरांचा. तिसरा मी दिला. चौथ्याला आई आली. मार्थाबाईला दिलेल्या खांद्यावरून जी एवढी वर्षं नवऱ्याशी भांडली, तिने पदर खोचला आणि तिरडीखाली शिरली. बायकांनी मयत उचललेलं आमच्या वाडीने आधी कधी बघितलं नव्हतं. आई माझ्यापेक्षा बुटकी, तिच्या बाजूला तिरडी कलायची, आणि चिखलात ती पुनःपुन्हा घसरायची. बा पडेल, या भीतीने माझी जी दातखिळी बसली ती स्मशानात पोचेपर्यंत सुटली नाही.

त्यानंतर मी ठरवलं की आईला मुंबईला न्यायचं. आता मला इस्पितळाच्या आवारात खोली मिळाली होती. माघात रजा काढून आले. दादाला वाडी सोडायची नव्हती, पण आई तयार झाली. तिची भांडी, गोधड्या, देव, सगळं बांधून ओटीवर ठेवलं, आणि दुपारच्या गाडीला निघायचं तेवढ्यात समोरच्या घरातून रडणं उठलं. रामजी तात्या गेला होता.

आम्ही थांबलो. मयत जाईपर्यंत वाट अडली होती. तिरडी बांधून झाली, माणसं जमली, ऊन डोक्यावर आलं, कलायला लागलं, आणि मयत काही हलेना. मग तात्याचे दोन मुलगे आमच्या अंगणाच्या गडग्याबाहेर येऊन उभे राहिले. आत पाऊल टाकत नव्हते. त्यांच्यामागे गावकीची चार माणसं, मान खाली घातलेली. वाटलं, आता हे आणि काय घेऊन आले.

थोरला मुलगा दादाकडे न बघता बोलला, "तात्यानी आमच्याकडून वचन घेतलंय. तुमच्या घरचा खांदा लागल्याबिगार मला उचलायचं नाय, म्हनाले." मग म्हणाला, "तात्या हिच्या हातचं पानी प्यालाय. मरताना समद्यांम्होरं सांगितलान."

दादा उठला आणि त्याने ओटीवरची ट्रंक उचलली. तो मला म्हणाला, चल, संध्याकाळची गाडी गाठू. त्याचा आवाज फाटला होता. बाहेर ऐकू जाईल असं तो म्हणाला की सडू दे, बाला उचलायला माझ्या आईला लावलंत, आता तुमचं तुम्ही बघा. त्या मुलांच्या तोंडावर जी भीती होती ती मी ओळखली. आपला बाप दारात पडलाय आणि तो उचलला जाईल की नाही ते दुसऱ्याच्या हातात आहे. श्रावणात ती आमच्या तोंडावर होती.

मी आईकडे बघितलं. मला वाटलं ती दादाच्याच बाजूची. बाने पहिला खांदा दिला तेव्हा दारात आडवी झालेली ती. ती बांधलेल्या गोधड्यांवर बसली होती, हात मांडीवर.

"शंकर," ती म्हणाली, "ती खाली ठेव आनि जा."

दादा म्हणाला, "आये, तू बोलतेस?"

"उचलायला कोन नाय म्हनजे काय ते आपल्याला म्हाईत हाय. त्या पोरांना म्हाईत नाय. होऊ नये." तिने नाक पुसलं. "माज्या मनात नाय, रे. पन जा."

दादाने ट्रंक ठेवली, इतक्या जोराने की आतली भांडी वाजली, आणि तो गडग्याबाहेर गेला. माणसं दोन्ही बाजूंना सरली. तात्याच्या धाकट्याने पुढच्या दांड्याखालची जागा मोकळी केली. दादाने खांदा दिला, आणि तेवढ्या वेळ न हललेलं मयत हललं. वाळी उठली ती अशी. नारळ नाही, चुकलो नाही, कोणी निवाडा वाचला नाही.

संध्याकाळी चंद्रीची आई घागरभर विहिरीचं पाणी घेऊन आमच्या अंगणात आली. दोघी घागरीकडे बघत बसल्या.

आई माझ्याबरोबर आली नाही. गोधड्या तिने रात्रीच सोडल्या. मी चिडले, कारण मला अजून विश्वास नव्हता. एवढी वर्षं ज्यांनी असं केलं ते उद्या पुन्हा करतील, असं मला वाटत होतं, आणि खोटं कशाला बोलू, आजही वाटतं. गावी गेले आणि समोरचं दार लागलेलं दिसलं की माझे पाय थबकतात, मग आत कोणी नुसतं दुपारचं झोपलेलं असलं तरी. आईलाही भीती वाटते. ती म्हणते, भ्याव घेऊनच इथं राहीन, पण राहीन.

इकडे वॉर्डात नवीन मुली येतात. आता त्यांना खाटेवर मी झोपवते. नगरच्या, जालन्याच्या, आता कोकणातल्याही, डोळे मोठे केलेल्या. त्या मला विचारतात, सिस्टर, तुमचं गाव कुठलं? आधी मी उत्तर टाळायची. ज्यांनी बाला उचललं नाही त्यांचं गाव माझं कसं, असं वाटायचं. आता सांगते. पोलादपूरच्या पुढे, कशेडीच्या पायथ्याशी. जिथे आमच्यावाचून मयत उचलता येत नाही, तेच आमचं गाव.